डाग आणि दागिना



आषाढीची वाट धरताना आपण घराला कुलूप लावतो, गुरे शेजाऱ्याच्या स्वाधीन करतो, तुळशीला पाणी घालायला कुणाला तरी सांगून ठेवतो. पण घरातले सोन्याचे चार डाग कुठे ठेवून निघता? कुणी धान्याच्या कोठीत तळाशी पुरचुंडी ठेवते, कुणी देव्हाऱ्यामागे, कुणी गादीच्या शिवणीत. मग लोणंद येवो की वाखरी, पाय वाटेवर चालत असतात आणि मनाचा एक कोपरा घरी त्या पुरचुंडीपाशी राखण करत बसलेला असतो. मुखात नाम आणि मनात पुरचुंडी, अशी ही दोन गावची वारी आपल्यापैकी पुष्कळांनी केलेली आहे.

‘डाग’ हा आपला जुना शब्द. सोन्याचे चार डाग म्हणजे चार दागिने. धोतरावर पडतो तोही डाग, आणि माणसाच्या नावाला लागतो तोही डागच. या एका शब्दात केवढे दुःख दडलेले असू शकते, ते मला गेल्या चैत्रात माझ्या आईने दाखवले. त्या वेळी मी घरी दागिन्यांसाठी एक लाकडी कपाट करत होतो. ते कपाट कसे केले आणि कोणासाठी केले, हे आज तुमच्यापुढे ठेवतो. कुणाला तसेच करायचे असेल तर उपयोगी पडावीत म्हणून मापेही सांगतो.

माझ्या गळ्यातली माळ पाहून एका टाळकरी बंधूंनी मला विचारले होते, “गुरुजी, तुकोबांनी छत्रपतींचा नजराणा परत पाठवला असे आपण कीर्तनात सांगतो. मग माळकऱ्याने दागिन्यांचे कपाट करण्यात महिना घालवावा, हे कसे?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी त्या वेळी दिले नाही, कारण ते दोन वाक्यांत मावणारे नव्हते. या लेखातून ते द्यायचा प्रयत्न करतो.

मी पेशाने सुतार नाही. शाळेत हस्तकला शिकवण्यात नोकरी गेली, त्यामुळे करवत, रंधा, पटाशी, गुण्या यांची ओळख आहे, इतकेच. थोरल्या मुलाचे लग्न झाले, सूनबाई घरात आल्या, आणि त्यांचे थोडे, आमच्या सौभाग्यवतींचे थोडे, आईचे नावापुरते, असे सगळे डाग एका पत्र्याच्या डब्यात एकमेकांवर पडू लागले. मोत्याची नथ साखळीत अडकायची, ठुशी बांगड्यांखाली दबायची. सणाच्या दिवशी डबा पलंगावर उपडा व्हायचा आणि सण संपला की सगळे मुठीने पुन्हा त्यात जायचे. किती होते आणि किती गेले, हे कुणालाच नीट सांगता येत नसे.

सूनबाई म्हणाल्या, “बाबा, बाजारात कपाटे मिळतात, आपण तसले एक आणू.” आम्ही पाहून आलो. दिसायला देखणी होती. पण त्यांत अंगठ्या खोचायच्या फटी आणि घड्याळाच्या उशा. आपल्या ठुशीला, तन्मणीला, चिंचपेटीला, नथीला जागाच नाही. ज्याने ते कपाट केले त्याने आपले दागिने पाहिलेले नव्हते, त्यात त्याचा काही दोष नाही.

त्या दिवशी मला संत नरहरी सोनारांची कथा आठवली. महिपतीबुवा ताहराबादकरांच्या ‘भक्तविजय’ ग्रंथामुळे (इ. स. १७६२) ती घराघरांत पोचली. नरहरी महाराज कट्टर शिवभक्त, विठोबाच्या राउळात पाऊल टाकायचे नाही असा त्यांचा बाणा. एका सावकाराने नवस फेडण्यासाठी विठोबाच्या कमरेला सोन्याचा करगोटा करायला सांगितला. महाराज मापाला गेले नाहीत. सावकारानेच माप आणून दिले. करगोटा केला तो सैल झाला. दुरुस्त केला तर आखूड झाला. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून ते स्वतः गेले, हाताने चाचपून माप घेऊ लागले, तर हाताला शंकराची चिन्हे लागली. पट्टी काढली तर समोर विठोबा. पुन्हा पट्टी, पुन्हा शंकर. हरिहरांचे ऐक्य त्यांना हाताच्या स्पर्शातून कळले. कीर्तनात या कथेतला ऐक्याचा भाग आपण ऐकतो, आणि तोच मुख्य आहे. मला कारागिराच्या अंगाने तिच्यात आणखी एक सांगणे दिसते. दुसऱ्याने आणलेल्या मापावर काम बसत नाही. ज्याचे करायचे त्याच्यापाशी आपण स्वतः जावे आणि हात लावून पाहावे.

म्हणून आधी माप. पलंगावर जुनी वर्तमानपत्रे अंथरली आणि एकेक डाग त्यावर सरळ मांडून भोवती पेन्सिल फिरवली. लहानमोठे मिळून ३४ डाग निघाले. ठुशी, बोरमाळ, मोहनमाळ, चिंचपेटी, दोन नथी, कुड्या, वेल, बुगड्या, पाटल्या, बांगड्या, एक तोडा, पैंजण, जोडव्यांचे तीन जोड. डाग मांडताना प्रत्येकाबरोबर एकेक माणूस येऊन बसले. बोरमाळ आली तशी सौभाग्यवतींची आजी आली. पैंजण आले तशी सूनबाईंची माहेरची चुलती आली. ज्या वस्तूंना आपण ग्रॅममध्ये मोजतो त्या खरे तर माणसांच्या आठवणी असतात, हे त्या दुपारी घरातल्या सर्वांना कळले.

आई ८१ वर्षांची आहे. दृष्टी अधू झाली आहे, अक्षरओळख पहिल्यापासूनच नाही. पण माघी, चैत्री, आषाढी, कार्तिकी या चारी वाऱ्या तिने कित्येक वर्षे पायी केल्या आहेत. ती भिंतीला टेकून बसली होती आणि मी ज्याचे नाव घेई तो डाग हातात घेऊन चाचपून परत देत होती. बुगड्यांची पाळी आली. ती जोडी तिने हातात घेतली आणि बराच वेळ परत दिलीच नाही. मग म्हणाली, “अरे, या दोन आहेत ना? मोज बरं.”

“दोनच आहेत, आई.”

“मोज म्हणते ना.”

मी मोजल्या. आणि मग तिने जे सांगितले ते मी माझ्या साठ वर्षांत तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

ती दहा-अकरा वर्षांची असताना तिची आई, म्हणजे माझी आजी, तालुक्याच्या गावी एका वाड्यात भांडी घासायला आणि जोंधळे पाखडायला जात असे. आई सोबतीला जायची. एके दिवशी त्या घरातल्या बाईंची एक बुगडी सापडेना. घरात नातेवाईक होते, गडी होते, पाहुणे होते. विचारले मात्र फक्त या मायलेकींना. आजीचे लुगडे झटकायला लावले, आईच्या परकराचा ओचा सोडून पाहिला. आळीतली माणसे दारात जमली. काही सापडले नाही, पण ‘त्यांनीच नेली असणार’ हे मागे राहिलेच. आजीचे ते काम सुटले आणि आळीतली आणखी दोन घरेही सुटली. चार महिन्यांनी गादी पिंजायला दिली तेव्हा कापसात बुगडी निघाली. ही बातमी आजीला पिंजाऱ्याकडून कळली.

आई म्हणाली, “हरवली तेव्हा सगळी आळी आली होती. सापडली म्हणून सांगायला कुणी आलं नाही.”

माउली, हे वाक्य ऐकल्यावर मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. सत्तर वर्षे होऊन गेली. तो वाडा आता उभा नाही, ती माणसे नाहीत. डाग सापडला, पण नावाला लागलेला डाग पुसायला कुणी आले नाही.

मग ती जनाबाईविषयी बोलू लागली. कथा तुम्हा-आम्हाला पाठ आहे. विठुराया जनीच्या खोपटात रात्र काढतो, काकड आरतीची वेळ होते, घाईत आपले रत्नपदक तिथेच विसरतो आणि तिची वाकळ अंगावर घेऊन राउळात जाऊन उभा राहतो. पदक दिसेना म्हणून शोध सुरू होतो, ते जनीच्या घरी सापडते, आणि तिला सुळावर देण्यासाठी चंद्रभागेच्या वाळवंटात नेतात. ती नामस्मरण करते आणि सुळाचे पाणी होते. आई म्हणाली, “कीर्तनात सुळाचं पाणी झालं की सगळे टाळ्या वाजवतात. मला तिथं कायम रडू यायचं. आमच्या वेळी सुळाचं पाणी झालं नव्हतं रे.”

या कथेचा विचार मी त्यानंतर पुष्कळ केला. जनीच्या कथेत आपण चमत्कारापाशी थांबतो आणि धन्य होतो. पण चमत्काराच्या आधी काय घडले ते पाहा. डाग हरवला, आणि पहिले बोट दासीकडे गेले. देवाच्या अंगावरची वाकळ कुणाची, याचा विचार करायला कुणी थांबले नाही. हे बोट अजूनही तसेच जाते. घरात चमचा दिसला नाही तरी पहिले नाव भांडीवाल्या बाईचे निघते. तिच्यासाठी सुळाचे पाणी दर वेळी होत नाही. मग वारकऱ्याने काय करावे? सूळ वितळावा म्हणून देवाला साकडे घालावे की आपल्या घरापुरता तो सूळ रोवलाच जाणार नाही अशी व्यवस्था आधी करावी? मला दुसरे आपल्या हातातले वाटते. ज्याच्या घरात वस्तूला ठरलेली जागा असते, त्याच्या घरात संशयाला जागा कमी उरते.

तिथून कपाटाचा बेतच बदलला. आधी मला ते देखणे हवे होते. आता त्यात प्रत्येक डागाची रिकामी जागा दिसायला हवी होती, आणि ज्याला वाचता येत नाही त्यालाही ती कळायला हवी होती.

लाकूड घरचेच वापरले. जुने घर उतरवले तेव्हा माळ्याच्या सागवानी फळ्या राखून ठेवल्या होत्या. जुने लाकूड पूर्ण वाळलेले असते, हा त्याचा मोठा गुण. फक्त त्यात मोडलेले खिळे लपलेले असतात. प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवून खिळे काढले आणि मगच रंधा लावला, नाहीतर पाते एका फटक्यात जाते. रंध्याखाली काळी पापडी निघाली आणि आतून सोनेरी साग उघडा पडला. इतक्या वर्षांची काजळी फक्त कागदाएवढी जाड होती. बाहेरच्या मळावरून आतल्याची पारख करू नये, हे संतांनी सांगितलेले रंध्याने पुन्हा सांगितले.

मापे अशी. उंची २ फूट, रुंदी दीड फूट, खोली १ फूट. बाहेरच्या फळ्या ६ सुतांच्या. एक इंच म्हणजे ८ सूत, हे आपल्या सुतारमंडळींचे माप, आणि अशा कामाला तेच सोयीचे. आत मधोमध न घेता उजव्या अंगाला एक उभी फळी घातली. तिच्या डावीकडे ११ इंच रुंदीचे ६ खण, उजवीकडे पावणेपाच इंचांचा उभा कप्पा आणि त्याला अरुंद दार. खणांच्या जागा वरून खाली अशा: अडीच इंचांच्या तीन, साडेतीन इंचांच्या दोन, आणि साडेपाच इंचांची एक. मधल्या पाच आडव्या फळ्या प्रत्येकी अर्ध्या इंचाच्या. बेरीज करून पाहा, साडेबावीस इंच भरतात. त्यात वरची आणि खालची फळी मिळवली की दोन फूट.

ही मापे हवेतून आलेली नाहीत. अडीचच्या मापाची बांगडी म्हणजे आतून अडीच इंच, बाहेरून पावणेतीनच्या आसपास. ती गोल दांड्यावर उभी राहायची तर साडेतीन इंचांची जागा हवी. ठुशी, चिंचपेटी, बोरमाळ ही दोऱ्यात ओवलेली कामे. ती टांगली तर वजनाने दोरा ताणतो आणि मण्यांमध्ये फटी पडतात, म्हणून ती आडवी निजलेली बरी. त्यांना उथळ खण. सुट्या साखळ्या मात्र आडव्या ठेवल्या की एकमेकींत गुंततात, म्हणून त्या उजव्या कप्प्यात लाकडी खुंट्यांवर टांगायच्या. मोती मऊ असतो, सोन्याचा काठ घासला तरी त्यावर ओरखडा उठतो, म्हणून नथीला आणि मोत्याच्या कुड्यांना वेगळे घर. मोती वर्षानुवर्षे प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत कोंडू नये, अंगावरून उतरवल्यावर मऊ सुती फडक्याने पुसून ठेवावा. घाम आणि अत्तर दोन्ही त्याला बाधतात.

चांदीची तऱ्हा आणखी वेगळी. ती काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या अंशाने. रबरात आणि लोकरीत गंधक असते, म्हणून चांदीला रबरबँड लावू नये आणि खणात लोकरी कापड घालू नये. मी साधी सुती मखमल घेतली. डिंक आणि पॉलिश पूर्ण वाळून वास जाईपर्यंत सगळे खण पंधरा दिवस सावलीत उघडे ठेवले, मगच त्यांत डाग ठेवले.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो खणांतल्या घरांना. वर्तमानपत्रावरच्या आकृत्या पातळ फळीवर चिकटवल्या आणि फ्रेट सॉने त्या रेषेवरून कापत गेलो. ठुशीच्या आकाराचे भोक, नथीच्या आकाराचे भोक, बुगडीची दोन लहान भोके शेजारीशेजारी. त्याखाली प्लाय, वर मखमल. डाग त्यात ठेवला की तो आपल्या घरात बसतो. उचलला की त्याचा आकार मागे रिकामा दिसतो. वाचायला चिठ्ठी नको की मोजायला आकडे नकोत. आईने पहिला खण मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि बोटे फिरवली. “ही नथ. हे वेल. इथं बुगड्या, दोन्ही आहेत.” नरहरी महाराज चाचपून माप घेत होते ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. त्यांच्या हाताला शिव लागला होता. आईच्या हाताला काय लागले ते तिने सांगितले नाही, पण तिचा चेहरा निवला होता.

मग कुलपाचा प्रश्न आला. मुलगा म्हणाला, “पितळी कुलूप लावू, शोभेल.” आई लगेच म्हणाली, “कुलूप कुणासाठी? चोर आला तर कपाटच खांद्यावर टाकून नेईल. घरच्यांना किल्ली कुठं असते ते ठाऊक. मग कुलूप कुणावर लावलं? ती भांड्याला येणारी, तिच्यावरच ना?” मुलगा गप्प झाला. आम्ही कुलूप लावले नाही. जे जड आणि सणापुरते लागते ते बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले, नित्याचे तेवढे कपाटात. लाकडाचे कपाट ही तिजोरी नव्हे, हे ध्यानात ठेवावे. त्याचे काम शिस्त लावणे. राखण करायला बँक आहे.

लॉकरमध्ये ठेवताना प्रत्येक डागाचे छायाचित्र, वजन आणि पावती एका वहीत लावली. १ एप्रिल २०२३ पासून नव्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी ओळखक्रमांक असतो, तो भिंगातून पाहून वहीत उतरवून घ्यावा. जुन्या दागिन्यांवर तो नसेल तर छायाचित्र आणि वजन तरी असावे. २२ कॅरट सोन्यावर ९१६ असा आकडा असतो, तोही टिपावा. हा व्याप एका दुपारचा आहे. ही वही सगळ्यांना ठाऊक असू द्या. एकट्याच्या स्मरणावर सोने ठेवले की तो माणूस गेल्यावर भावाभावांत जे होते, ते आपण गावोगाव पाहतो.

काम चैत्रात सुरू केले ते ज्येष्ठात संपले. पण सागाचीसुद्धा खरी परीक्षा आषाढातच असते. पावसाळी हवेत लाकूड फुगते, आणि फुगते ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाही. उन्हाळ्यात खण अगदी तंतोतंत बसवला तर आषाढात तो हलत नाही. म्हणून लहान खणांना उंचीत अर्धे सूत मोकळे सोडले, खालच्या मोठ्याला एक सूत. वरची, खालची आणि बाजूच्या फळ्यांच्या रेषा अशा जुळवल्या की सगळ्या पुढे-मागेच फुगाव्यात, एकीने दुसरीला फोडू नये. खण सरकतात त्या पट्ट्यांवर मेणबत्ती घासली. बास. आषाढ शुद्ध प्रतिपदेला, बाहेर संततधार असताना, सहाही खण बोटाने ओढले तरी पुढे आले. कोरडेपणी थोडी जागा सोडलेली असली की ओल्या दिवसांत माणसे एकमेकांना घासत नाहीत. एकत्र कुटुंबाचे सूत्र याहून फार निराळे नसावे.

त्या वर्षी सौभाग्यवती आणि सूनबाई दोघीही पालखीबरोबर गेल्या. काळ्या पोतीशिवाय गळ्यात काही घातले नव्हते. गर्दीत सोने घालून जाऊ नये असे पोलीसही दरवर्षी सांगतात, ते ऐकावे. सौभाग्यवती परत आल्यावर एवढेच म्हणाल्या, “यंदा भजनात मन लागलं.” कपाट करण्यात महिना का घालवला, याचे माझ्यापुरते अर्धे उत्तर तिथे मिळाले.

उरलेले अर्धे श्रावणात मिळाले. मंगळागौरीहून आल्यावर सूनबाईंनी डाग जागच्या जागी ठेवले. संध्याकाळी आईने नेहमीप्रमाणे खण मांडीवर घेऊन बोटे फिरवली. ती थांबली. “बुगडी एकच आहे.” घरात क्षणभर शांतता झाली. दुसऱ्या कुणाच्या मनात काय आले ते देव जाणे, पण आई ताडकन उठली. “आत्ता शोधा. उद्या सकाळी मावशी भांड्याला यायच्या आत शोधा.” दिवे लावले, गजरा उलगडला, पदर झटकले. अर्ध्या तासात बुगडी सापडली. केस पुसून दोरीवर वाळत घातलेल्या पंच्याच्या दशीत ती अडकली होती.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या, भांडी घासली, चहा घेतला, गेल्या. त्यांना काहीच कळले नाही, आणि कळायचे कारणही नव्हते. त्यांचे नाव कुणाच्या ओठांवर यायच्या आत शोध संपला होता. डब्यात मुठीने कोंबलेले असते तर ती बुगडी नाही हे दिवाळीत कळले असते. तोवर तो पंचा दहा वेळा धुतला गेला असता, बुगडी मोरीतून कुठल्या कुठे गेली असती, आणि तीन महिन्यांत घरात कोण कोण आले-गेले याची मोजणी सुरू झाली असती. ती मोजणी शेवटी कुणापाशी येऊन थांबते, ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून त्या टाळकरी बंधूंना आता उत्तर देतो. तुकोबांनी नजराणा परत पाठवला ती वैराग्याची उंची आहे, तिला माझा दंडवत. आपण प्रपंचात आहोत, आपल्या घरात चार डाग आहेत. ते टाकून देण्याचे सामर्थ्य अंगी येईल तेव्हा येवो. तोवर ते असे ठेवावेत की त्यांच्यापायी कुणा जनीला वाळवंटात उभे राहावे लागणार नाही. नरहरी महाराजांनी सोनारकामाच्या हत्यारांतून भजन उभे केले, सावता महाराजांना मळ्यातल्या भाजीत देव दिसला. मला करवतीत आणि रंध्यात तो दिसला असे म्हणण्याची माझी योग्यता नाही. पण कुणावर संशय न येणे ही पूजा असेल, तर ते कपाट माझ्या घरचा एक लहानसा देव्हारा आहे.

माउली, तुम्हाला सागवान नसेल, रंधा नसेल, वेळ नसेल. काही बिघडत नाही. बुटाच्या खोक्यातले पुठ्ठे घ्या, त्यांवर डाग ठेवून भोवती रेघ ओढा, ब्लेडने आकार कापा आणि डब्यात बसवा. एका दुपारचे काम आहे. घरातल्या लेकीसुनांना आणि म्हाताऱ्यांना बरोबर बसवा, एकेका डागाची गोष्ट सांगा, वहीत लिहा. संध्याकाळी दिवा लावलात की देवापुढे हात जोडण्याआधी एकदा त्या रिकाम्या जागांवरून बोट फिरवा. आणि कधी एखादी जागा रिकामी लागलीच, तर आधी आपला पदर झटका, आपला पंचा झटका, आपली गादी उसवा. दुसऱ्याचे नाव त्यानंतरही घेऊ नका. सापडले तर पांडुरंगाची कृपा. नाही सापडले तर एक डाग गेला, पण दुसरा लागला नाही, एवढे समाधान मानून माळेवर बोट ठेवा.

रामकृष्ण हरी.